आधी घडवा, मग निवडा: पुण्यातल्या क्रीडाशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे क्रीडाशिक्षक,
आणि ॲथलेटिक्सच्या निवड चाचण्या घेणारे सर्व परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

पावसाने जरा उघडीप दिली की आपल्याकडे निवड चाचण्यांचा हंगाम सुरू होतो. सणस मैदान असो, बालेवाडी असो किंवा तालुक्याचं मातीचं मैदान असो, पिनांनी नंबर लावलेली पोरं सकाळी सातलाच हजर असतात. दहा वाजेपर्यंत यादी तयार होते. यादीत नाव आलेल्या मुलाला बूट मिळतात, सरावाला यायला मिळतं, कधी वसतिगृहही मिळतं. नाव न आलेला मुलगा दप्तर उचलून घरी जातो, आणि बहुतेक वेळा पुन्हा मैदानावर दिसत नाही. मी याच मैदानांवर मुलांना ८०० आणि १,५०० मीटरसाठी तयार करतो, त्यामुळे या दोन्ही रांगा मला जवळून दिसतात.

तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. मध्यम पल्ल्याच्या धावण्यासाठी एका सकाळच्या वेळेवरून कुणालाही बाद करू नका. आधी काही महिने नीट सराव द्या, आणि त्या सरावाने कोण किती पुढे आलं ते पाहून निवड करा.

उपजत गुणवत्ता नसतेच, सगळं मेहनतीवर आहे, असं मी म्हणत नाही. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ८०० मीटर १:४०.९१ मध्ये पूर्ण केली. पुढे धावून वेग लावून देणारा कुणी पेसमेकर नसताना त्याने पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत आणि दुसरी ५१.६३ सेकंदांत मारली. त्याच्या वडिलांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ४ x ४०० मीटर रिलेचं रौप्यपदक मिळवलं होतं. तसं शरीर घडवणं कुठल्याही प्रशिक्षकाच्या हातात नसतं. तेव्हा गुणवत्ता असते की नसते, हा वाद मला घालायचा नाही. ती बाराव्या-तेराव्या वर्षी, सराव न केलेल्या पोरात, एका चाचणीत आपल्याला दिसते का, एवढंच मी विचारतो. माझं म्हणणं आहे, दिसत नाही.

१०० मीटरमध्ये बऱ्यापैकी दिसते. मुलगा मुळातच चपळ असेल तर तीस पावलांत कळतं. ८०० मीटरचं तसं नाही. या शर्यतीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण दोन तृतीयांश आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूवर तयार होते. १,५०० मीटरमध्ये तर हा वाटा चार पंचमांशांच्या वर जातो. म्हणजे खरं काम हृदय, रक्त आणि स्नायूंमधल्या केशवाहिन्या करतात. हृदय एका ठोक्याला किती रक्त पुढे ढकलतं, स्नायूंना ते किती जवळून मिळतं, पेशी त्यातला प्राणवायू किती वापरू शकतात, हे सगळं महिनोन्‌महिन्यांच्या धावण्याने वाढतं. ते वाढण्याआधीच आपण घड्याळ लावतो आणि निकाल देऊन टाकतो.

या बाबतीत हेरिटेज फॅमिली स्टडी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रत्येक निवड समितीने वाचावेत असं मला वाटतं. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. ९८ कुटुंबांतल्या, व्यायामाची सवय नसलेल्या ४८१ माणसांना २० आठवडे एकाच पद्धतीचा, देखरेखीखालचा सायकलचा व्यायाम दिला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली. पण ही झाली सरासरी. काहींची जवळजवळ काहीच वाढली नाही, आणि काहींची एक लिटरच्याही वर गेली. हा फरक घराण्यांनुसार पडत होता. त्यातला जवळपास निम्मा भाग आनुवंशिक असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की सुरुवातीला ज्याची क्षमता जास्त होती त्याचीच जास्त वाढली, असं अजिबात झालं नाही. सुरुवातीचा आकडा आणि नंतरची वाढ यांचा एकमेकांशी संबंध नव्हताच म्हणा ना.

ती माणसं प्रौढ होती आणि हा व्यायाम सायकलवरचा होता, हे मला मान्य आहे. तरी जे कळलं ते आपल्या कामाच्या मुळाशी जाणारं आहे. सराव अंगी लावून घेण्याची ताकद हीच मोठ्या प्रमाणात उपजत असते, आणि सराव दिल्याशिवाय ती कुणालाही दिसत नाही.

हे पुण्यात रोज पहाटे दिसतं. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत केलं तर पूर्ण ६० गुण मिळतात. त्यामुळे महाराष्ट्रात मध्यम पल्ला सगळ्यात जास्त कोण धावत असेल, तर भरतीची पोरं. पाच वाजता तळजाईवर किंवा रिंग रोडच्या कडेला जाऊन बघा. गावाहून आलेला, कधीही न धावलेला मुलगा पहिल्या आठवड्यात सात मिनिटांतही १,६०० पुरं करत नाही, मध्येच चालायला लागतो. त्याच्याच खोलीत राहणारा, तोच डबा खाणारा, त्याच मास्तरांच्या शिट्टीवर धावणारा दुसरा मुलगा पहिल्या दिवशी सव्वासहा मिनिटं देतो. सहा महिन्यांनी सात मिनिटंवाला साडेपाचच्या आत येतो आणि सव्वासहावाला सहाच्या आसपास अडकून बसतो. असं दर वेळी घडतं असं नाही, पण वारंवार घडतं, आणि भरतीच्या कुठल्याही मास्तरांना विचारलंत तर ते लगेच मान डोलावतील. आता सांगा, पहिल्या आठवड्यात निवड केली असती तर आपण कुणाला घरी पाठवलं असतं?

मग आपली एका सकाळची चाचणी नक्की काय मोजते? माझ्या मते सगळ्यात आधी ती शरीराची वाढ मोजते. सातवी-आठवीची रांग एकदा नीट बघा. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, त्याचा आवाज फुटलेला असतो, आणि त्याच्या शेजारचा अजून पाचवीतला वाटतो. जन्मतारखा जवळच्या असल्या तरी दोघांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर सहज असू शकतं. त्यात एकाचा जन्म जानेवारीचा आणि दुसऱ्याचा डिसेंबरचा असला, तर तेरा वर्षांच्या आयुष्यात ते वर्षभराचं अंतर थोडं नसतं. (दाखल्यावरच्या वयाचा घोळ आपल्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) लवकर वाढलेला मुलगा १४ वर्षांखालच्या गटात सगळ्यांना मागे टाकतो आणि १७ वर्षांखालच्या गटात बाकीचे त्याच्या उंचीला आले की मागे पडतो. तोवर उशिरा वाढणाऱ्या मुलाने धावणं सोडून दिलेलं असतं.

दुसरं म्हणजे ती वेगाची समज मोजते, आणि ती समज तर निव्वळ शिकवून येणारी गोष्ट आहे. शिट्टी वाजली की वीस पोरं १०० मीटर असल्यासारखी सुटतात. पहिल्या वळणावर कोपर लागतं, कुणाचा बूट निघतो. दोनशे मीटरला चेहरे लाल होतात, चारशेला खांदे कानापर्यंत चढतात, हाताच्या मुठी आवळल्या जातात, मान मागे पडते. पाचशे मीटरवर पाय असे जड होतात की पोरगं जागच्या जागी धावतंय असं वाटतं. पहिली फेरी ७२ सेकंदांत आणि दुसरी ९८ सेकंदांत, म्हणजे एकूण २:५०. याच मुलाला चारशे मीटरची प्रत्येक फेरी ८० सेकंदांत कशी धावायची हे चार-पाच वेळा त्याच्या सोबत धावून दाखवलं, तर तो २:४० देतो. फुफ्फुसं तीच, पाय तेच. ते दहा सेकंद त्याच्यात पहिल्या दिवशीही होते, फक्त आपल्या कागदावर आले नाहीत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे होणारं दुर्लक्ष मला सगळ्यात जास्त टोचतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारं वाहनच कमी. शंभर मीटरला ते फारसं जाणवत नाही; दुसऱ्या फेरीला मात्र छाती फुटेल असं वाटतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला तिच्या शाळेत सांगितलं होतं, ‘तुला दमच नाही, तू लांब उडी कर.’ ती सरावानंतर पायरीवर बसायची तेव्हा तिच्या डोळ्यांखालची त्वचा आणि नखं पांढुरकी दिसायची. आईला विनंती करून रक्त तपासून घेतलं, तर हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. डॉक्टरांनी उपचार केले, घरी गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं असं चालू झालं. त्या काळात मी तिला जोरात पळू दिलं नाही, फक्त सावकाश धावायला लावलं. पुढच्या हंगामात तिने जिल्ह्याच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठली. राज्यात तिचा नंबर आलेला नाही, कदाचित येणारही नाही. पण तिला दम नाही हे वाक्य खोटं होतं, आणि ते तिच्या तोंडावर सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं.

‘केनियाच्या लोकांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं. एका क्रीडाशिक्षकासाठी यापेक्षा जास्त कामाची माहिती अशी आहे: केनियातलं इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण २,४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली कोल्म ओकॉनेल नावाचे आयरिश मिशनरी भूगोल शिकवायला आले. ॲथलेटिक्सचं कुठलंही शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा पीटर रोनो त्याच शाळेचा, आणि रुडिशाही ओकॉनेल यांच्याच हाताखाली तयार झाला. तिथली उंची, तिथली माणसं हे सगळं आहेच. पण वर्षानुवर्षं एकाच मैदानावर उभा राहणारा, मुलांना घाई न करणारा शिक्षकही तिथे होता.

न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत आणि उरलेल्या वेळात ऑकलंडमधल्या तरुणांना धावायला शिकवत. त्यांचा मरे हॅलबर्ग हा धावपटू असा, की रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने त्याचा डावा हात कायमचा अधू झाला होता. आपल्या चाचणीत तो कितव्या मिनिटाला बाद झाला असता, याचा विचार करा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी लिडियार्ड यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि या हॅलबर्गने ५,००० मीटरचं सुवर्ण घेतलं. ८०० मीटर धावणाऱ्या स्नेललाही लिडियार्ड रविवारी डोंगरातून ३५ किलोमीटर पळवत. नॉर्वेच्या इंगेब्रिग्टसेन भावांचं उदाहरण तर ‘सगळं रक्तात असतं’ म्हणणारे आणि ‘सगळं सरावात असतं’ म्हणणारे, दोन्ही बाजूंचे लोक वापरतात. हेन्रिकने २०१२, फिलिपने २०१६ आणि याकोबने २०१८ साली युरोपीय स्पर्धेत १,५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. तिघांचं रक्त एक आणि तिघांना लहानपणापासून सराव देणारे वडीलही एकच. त्यातलं काय रक्ताचं आणि काय वडिलांचं, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी ते वेगळं काढल्याचा आव आपणही आणू नये.

आपल्याकडेच बघा. श्रीराम सिंग १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत सातवे आले, वेळ १:४५.७७. तो राष्ट्रीय विक्रम मोडायला २०१८ साल उजाडावं लागलं. जिन्सन जॉन्सनने गुवाहाटीत १:४५.६५ ची वेळ दिली. मधली बेचाळीस वर्षं एवढ्या मोठ्या देशात तशा ताकदीचा एकही मुलगा जन्माला आला नाही, हे मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही. ते जन्माला आले, शाळेत गेले, कुठल्या तरी मैदानावर कुणाच्या तरी यादीत त्यांचं नाव आलं नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि ऐन विशीत पलटणीच्या क्रॉस कंट्रीतून गंभीरपणे धावायला लागला. पुढे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचं) रौप्य आणि हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मॅरेथॉन धावता धावता स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. दोघांचंही खरं बळ सरावाची वर्षं साठल्यावर दिसलं.

हल्ली काही पालक मुलाच्या थुंकीचा नमुना पाठवून जनुकांचा अहवाल घेऊन येतात आणि विचारतात, ‘याला ८०० मीटर झेपेल का?’ २०१५ साली क्रीडा-जनुकशास्त्रातल्या संशोधकांच्या गटाने स्पष्ट लिहून ठेवलं आहे की गुणवत्ता शोधण्यासाठी या चाचण्यांना सध्या काही आधार नाही. तुम्हीही पालकांना हे सांगा. त्या पैशांत दोन जोड चांगले बूट येतात.

सराव द्या म्हटलं की आपल्यातले काही जण तेरा वर्षांच्या पोरांना रोज बारा बारा चारशे मीटर मारायला लावतात, तेही डांबरी रस्त्यावर. हेही मला तितकंच नामंजूर आहे. नडगी दुखायला लागते, पोरगं मैदानाला घाबरायला लागतं, आणि मग ‘याच्यात मुळातच कस नाही’ हा शिक्का पुन्हा तयार असतो. या वयाला आठवड्यातून चार दिवस, शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश गतीने धावणं पुष्कळ आहे. तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे. मऊ मातीची वाट आणि चढ पुण्याइतके जवळ फार थोड्या शहरांना मिळतात. एखाद्या दिवशी शंभर-शंभर मीटरच्या मोकळ्या धावा, एखाद्या दिवशी लगोरी किंवा खो-खो. एवढ्यावर पाच-सहा महिन्यांत जे दिसतं, ते कुठल्याही चाचणीत दिसत नाही.

आता काय करता येईल ते सांगतो. निवडीच्या दिवशी मुलाची वेळ लिहाल तिथेच उंची, वजन, जन्ममहिना आणि आधी किती धावला आहे हे लिहा. मध्यम पल्ल्यासाठी पहिल्या चाचणीत कुणालाही बाद करू नका. जो यायला तयार आहे त्याला सरावाला येऊ द्या. दिवाळीनंतर आणि पुन्हा परीक्षेच्या आधी, त्याच मैदानावर, त्याच वेळेला त्यांना धाववा आणि तिन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा. निवडताना शेवटच्या वेळेइतकंच सुधारणेला वजन द्या. मुलींचं, आणि खरं तर मुलांचंही, हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय दमाबद्दल एक शब्दही बोलू नका. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, आणि शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या येतात त्या मुली खरंच घेतात का याकडे वर्गशिक्षकांइतकंच तुम्हीही लक्ष द्या.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. साठ-सत्तर मुलांमागे एक शिक्षक, त्यात निवडणुकीचं काम, मैदानावर मंडप, आणि मुख्याध्यापकांना यंदाचीच ढाल हवी असते. १४ वर्षांखालच्या गटात नंबर आणणारी, अंगाने भरलेली पोरं निवडणं हा ढाल मिळवायचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे, आणि तुमच्यावर तो लादला जातो. म्हणून परीक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं वेगळं सांगणं आहे: शाळेचं कौतुक करताना फक्त पदकं मोजू नका. सहावीत आलेली किती मुलं दहावीतही धावताहेत, हेही विचारा. असा एक रकाना शाळांच्या अहवालात घातलात, तर क्रीडाशिक्षकाला मुख्याध्यापकांसमोर बोलायला काहीतरी हाती मिळेल.

मी स्वतः या कामाला तयार आहे. ज्या शाळेला पहिल्या चाचणीच्या वेळी घड्याळ धरायला, फेरीचा वेग शिकवायला किंवा पोरांसोबत टेकडीवर जायला माणूस हवा असेल, तिथे मी सकाळी सहाला येईन, मानधन नको. सणसच्या ट्रॅकवर मी रोज सापडतो. या हंगामाच्या याद्या लावायच्या आधी एकदा भेटा, म्हणजे दिवाळीनंतरच्या दुसऱ्या चाचणीची तारीख आपण तिथेच ठरवून टाकू.

आपला,
मध्यम पल्ल्याच्या धावपटूंचा एक प्रशिक्षक, पुणे